शिराळ्याचा नाग आणि लौकिकाचे कारागीर

दुसऱ्याचा लौकिक राखून देणे हा आता एक प्रतिष्ठित व्यवसाय झाला असून त्यास ‘जनसंपर्क’ असे सोज्ज्वळ नाव आहे. इतर कोणत्याही गरजेपायी सत्यास दुय्यम लेखू नये, असे सांगणारी अथेन्सची आचारसंहिता आपल्याकडील या व्यावसायिकांनी १९६८ च्या २१ एप्रिलला दिल्लीत स्वीकारली. तो दिवस ते आजही साजरा करतात. संहिता उत्तम आहे. तिची कसोटी मात्र सभागृहात लागत नाही, बत्तीस शिराळ्यासारख्या गावी लागते.

तेथे नागपंचमीस जिवंत नाग पूजिला जाई. गोरक्षनाथांच्या आख्यायिकेचा त्या रीतीस आधार होता. परंतु पुढे पूजेचा खेळ झाला. नाग धरावे, मडक्यांत कोंडावे, वाजतगाजत मिरवावे, आणि कोणाचा नाग फणा अधिक उंच काढतो याची चढाओढ लावावी! १९७२ चा वन्यजीव कायदा असूनही हे चालले. अखेर उच्च न्यायालयास दटावावे लागले, तेव्हा नागांच्या जागी प्रतिमा आल्या. २०२४ च्या निवडणुकीत याच गावच्या सभेत जुन्या नागपंचमीचे आश्वासन दिले गेले, आणि २०२५ च्या जुलैत केंद्र सरकारची नाग धरण्याची मर्यादित परवानगी आली. कशासाठी? तर शिक्षणासाठी!

परवानगीत खेळास व मनोरंजनास मनाई होती, हे आम्ही मान्य करतो. परंतु मागणी सणाची होती, शाळेची नव्हती. कायद्याच्या बाराव्या कलमात शिक्षणास वाट आहे, उत्सवास नाही. म्हणून उत्सवास शिक्षणाचा अंगरखा चढला. हे काम कोणा व्यावसायिकाचे असेल वा नसेल, पद्धत त्यांचीच आहे: कृत्य बदलावयाचे नाही, नाव बदलावयाचे.

शिराळकरांस या अंगरख्याची गरजच काय? नाग दिसताच काठी न उचलणारे गाव, हा लौकिक काय थोडा आहे? दूध हे नागाचे अन्न नव्हे, तो पुंगीच्या सुरावर नव्हे तर तिच्या हालचालीवर डोलतो, शेतातील उंदीर तो खातो, हे शिकविण्यास मडक्यातला नाग लागत नाही.

असो. २०२५ च्या त्या दिवसांत कोणत्या शाळेची किती मुले काय शिकली, याचा ताळेबंद परवानगी मागणाऱ्यांनी छापावा. आम्ही तो अगत्याने वाचू.