आधी गेलेला खांब दाखवा

दादरा-नगर हवेलीतल्या रांध्यात माझं फॅब्रिकेशनचं काम आहे. सिल्वासाच्या कारखान्यांना लागणाऱ्या शेड आम्ही उभ्या करतो. खांब आणि तुळया वर्कशॉपमध्ये तयार करायच्या, ट्रेलरवर चढवायच्या आणि जागेवर क्रेनने उभ्या करून बोल्ट आवळायचे. ही पद्धत आजकालची, असं मला वाटायचं.

आमचा भाग मुंबई उच्च न्यायालयाच्या अखत्यारीत येतो. त्यामुळे जमिनीच्या दाव्यासाठी मुंबईत काळा घोडा भागात खेपा सुरू झाल्या. आमच्या वकिलांचं ऑफिस एस्प्लनेड मॅन्शनमध्ये होतं. जिना चढताना खांबावर सहज हात ठेवला आणि थबकलो. रंगाच्या पापुद्र्याखाली बीड होतं!

एस्प्लनेड मॅन्शन म्हणजेच एकेकाळचं मुंबईतलं नामांकित वॉटसन हॉटेल. रोलंड मेसन ऑर्डिश या इंजिनिअरने त्याचा आराखडा केला. बिडाचे भाग इंग्लंडमध्ये ओतून जहाजाने मुंबईत आणले आणि १८६७ ते १८६९ या काळात इथे जोडले. भार सांगाड्यावर आणि मधली भरण विटांची. म्हणजे आमची शेडच, दीडशे वर्षं आधीची! ७ जुलै १८९६ रोजी ल्युमिएर बंधूंच्या हलत्या चित्रांचा देशातला पहिला खेळ इथेच झाला. तो पाहून छायाचित्रकार सावेदादा भाटवडेकरांनी विलायतेहून कॅमेरा मागवला.

हॉटेल बंद पडलं, मोठ्या खोल्यांच्या लहान खोल्या केल्या गेल्या, पोटमाळे चढले. २००५ मध्ये सज्जाचा भाग कोसळून एकाचा जीव गेला. २०१९ मध्ये इमारत रिकामी झाली आणि ती पाडून टाकण्याची शिफारसही झाली. माणसाच्या जिवापुढे वारसा मोठा नाही, हे मला पूर्ण मान्य आहे. पण रिकाम्या इमारतीत आता घाई कसली?

बीड दाबाला दणकट, ताणाला कच्चं. त्याला वेल्डिंग सहज मानवत नाही, म्हणून काम अवघड आहे. तरीही टेकू देऊन एकेक भाग सोडवता येतो, तडे सांधता येतात, फारच खराब झालेल्या भागाचा साचा काढून नवा ओतता येतो. शेडचा एक खांब गंजला म्हणून आम्ही अख्खी शेड पाडत नाही.

माझी मागणी एवढीच आहे. प्रत्येक खांबाला, प्रत्येक तुळईला नंबर द्या, तपासा आणि तो तक्ता लोकांसमोर ठेवा. पाडण्याची भाषा करणाऱ्यांनी आधी गेलेला खांब दाखवावा.