आयर्लंडात रात्र कुठे काढावी?

मंडळी, मार्च उजाडला की माझ्या मेलबॉक्समध्ये एकाच छापाचे मेल यायला लागतात. "मे महिन्यात आई-बाबा येतायत. चार दिवस डब्लिन, चार दिवस केरी-क्लेअर असा बेत आहे. एखादं चांगलं हॉटेल सुचव ना!" सोबत एक्सेल शीट. त्यात बारा-पंधरा हॉटेलं, तारे, गुण, भाडं, पार्किंग आणि शेवटच्या रकान्यात या सगळ्याला वजन देऊन काढलेली सरासरी! आपण आयटीवाले. सॉर्ट करता आलं की प्रश्न सुटला असं आपल्याला वाटतं.

माझं म्हणणं असं की या शीटमधला सगळ्यात महत्त्वाचा रकाना कुणीच भरत नाही. संध्याकाळी सहा ते रात्री अकरा तुम्ही कुठे असणार, आणि तिथून खोलीवर चालत परत येता येईल का? बस, एवढंच. आयर्लंडात जूनमध्ये सूर्य दहाच्या सुमारास मावळतो. दिवसभर कडे आणि किल्ले बघून झाले तरी चार-पाच तास उजेड हातात असतो, आणि हा देश खरा भेटतो तो त्याच वेळात. तो वेळ हमरस्त्यावरच्या हॉटेलच्या लॉबीत वायफायशी झटापट करण्यात घालवायचा असेल तर मग हिंजवडी काय वाईट आहे?

आधी शहराचं बोलू, कारण ते सोपं आहे. डब्लिनमध्ये हॉटेलवर जीव टाकू नये. तिथे भाडं खोलीच्या दर्जावर कमी आणि तारखेवर जास्त ठरतं. क्रोक पार्कमध्ये ऐंशी हजारांवर माणसं मावतात. जुलैमध्ये तिथे ऑल-आयर्लंडच्या अंतिम लढती असतात आणि अख्खा देश गावात उतरतो. फेब्रुवारी-मार्चमध्ये अविवा स्टेडियमवर रग्बी, 17 मार्चला सेंट पॅट्रिक्स डे, उन्हाळ्यात मोठमोठे जलसे. जून 2024 च्या अखेरीस टेलर स्विफ्टचे तीन कार्यक्रम झाले, तेव्हाचे भाव आठवून आजही लोक कानाला हात लावतात. आपल्या धंद्यातलंच उदाहरण घ्या. वेब समिट ही डब्लिनमध्येच वाढलेली परिषद 2015 नंतर लिस्बनला निघून गेली. आयोजकांच्या जाहीर तक्रारींत वायफाय आणि वाहतुकीबरोबर हॉटेलांचे भावही होते. तेव्हा तारखा हलवता येत असतील तर आधी तारखा हलवा, हॉटेल नंतर शोधा. मे, जून आणि ऑगस्टचा पहिला सोमवार आणि ऑक्टोबरचा शेवटचा सोमवार सुट्टीचा असतो. त्याला जोडून आलेला विकांत टाळला तरी बराच फरक पडतो.

आणि जागा? टेम्पल बारमध्ये राहू नका. नाव मोठं, रात्री तीनपर्यंत खिडकीखाली गाणी, आणि गाणारे सगळे परगावचे. त्यापेक्षा रूळ बघा. डार्ट ही किनाऱ्याची लोकल उत्तरेला हाउथ-मालाहाइडपासून दक्षिणेला डन लिअरी, ब्रेपर्यंत जाते. हापिसच्या कामासाठी आला असाल तर सँडीफर्डकडच्या कंपन्यांना लुआसची हिरवी ट्राम, ग्रँड कॅनाल डॉकला डार्ट. पुढे पश्चिमेला जायची गाडी बहुधा ह्यूस्टन स्टेशनवरून सुटते, तिथे लाल लुआस जाते. विमानतळाला मात्र अजून रेल्वे नाही, बसच धरावी लागते. यातल्या कुठल्याही रुळापासून दहा मिनिटांवर स्वच्छ, नीरस, साखळीवाल्या हॉटेलातली खोली मिळाली की घ्या आणि विषय संपवा. आई-बाबांना घेऊन येणाऱ्यांनी एवढंच विचारावं की लिफ्ट आहे का. त्या सुंदर जॉर्जियन घरांमधल्या गेस्टहाउसांत पुष्कळदा लिफ्ट नसते आणि जिने आपल्या वाड्यातल्या जिन्यांची आठवण करून देतात.

"मग अख्खा फ्लॅटच भाड्याने घेऊ की, स्वयंपाकही होईल!" हा पुढचा मेल. इथे मी जरा तिरकस बोलणार आहे. डब्लिनमध्ये घरांची टंचाई इतकी आहे की नोकरी घेऊन आलेली आपलीच पोरं महिनोन् महिने खोली शोधत असतात. त्यामुळेच 1 जुलै 2019 पासून अशा भागांत स्वतः राहत नसलेलं घर पर्यटकांना द्यायचं तर नियोजन खात्याची परवानगी लागू लागली, आणि स्वतःचं अख्खं घर वर्षाला 90 दिवसांपेक्षा जास्त असं देण्यावरही बंधन आलं. परवानगी आहे की नाही हे तुम्हाला चित्रांवरून कळणार नाही. चार दिवसांच्या वरण-भातासाठी मी तरी या भानगडीत पडणार नाही.

असो. आता खेड्याकडे.

आयर्लंडातल्या छोट्या गावांबाहेर अचानक शंभर खोल्यांचं हॉटेल दिसतं. पोहण्याचा तलाव, जिम, भलामोठा हॉल, आणि भोवताली गायी. हे इथे का, असा प्रश्न पडायलाच हवा. उत्तर करखात्यात आहे. 1994 पासून दहाएक वर्षं हॉटेल बांधणाऱ्याला बांधकामाचा खर्च सात वर्षांत करपात्र उत्पन्नातून वजा करता यायचा. साहजिकच पैसेवाल्यांनी पाहुणे येतील का, यापेक्षा कर वाचेल का, हे बघून हॉटेलं बांधली. मग 2008 ची मंदी आली. 2009 साली हॉटेल महासंघासाठी पीटर बेकन या अर्थतज्ज्ञाने अहवाल केला, त्यात देशात हजारो खोल्या गरजेपेक्षा जास्त असल्याचं म्हटलं होतं. पुढे काही बंद पडली, बरीच नव्या मालकांकडे गेली. 2022 नंतर युक्रेनमधून आलेल्या निर्वासितांसाठी सरकारनेही कित्येक हॉटेलं घेतली, त्यामुळे आजही कुठल्याही हॉटेलबद्दलचे चार-पाच वर्षांपूर्वीचे अभिप्राय जपून वाचा.

यातली सगळी वाईट आहेत असं नाही. पण त्यांचा खरा धंदा लग्नांचा. आयरिश लग्न दुपारी चर्चमध्ये सुरू होतं आणि हॉटेलच्या हॉलमध्ये रात्री दोनला सुद्धा संपेल याची खात्री नाही. तुमचे आई-बाबा वरच्याच मजल्यावर, आणि खाली बँड. एका हॉटेलने आम्हाला हे आधी सांगितलंच नव्हतं. सकाळी तक्रार केली तर काउंटरवरच्या मुलीने अगदी गोड हसून "नवरी फार छान दिसत होती!" असं सांगितलं. आता यावर काय बोलणार? शुक्रवार-शनिवारची खोली घेताना "त्या रात्री लग्न आहे का?" हा प्रश्न फोनवर सरळ विचारा. खरं उत्तर देतात. मे महिन्यातल्या शनिवारी तर लहान मुलांच्या फर्स्ट कम्युनियनच्या जेवणावळी असतात, टेबलसुद्धा मिळत नाही.

म्हणून खेड्यात माझं मत बी अँड बी. कोकणात कुणाच्या तरी घरी राहण्या-जेवण्याची सोय असते ना, तसाच प्रकार, फक्त जेवणाऐवजी न्याहारी. चार-पाच खोल्या, घरमालकीण स्वतः तव्यासमोर. एक लक्षात ठेवा. 'हॉटेल' किंवा 'गेस्टहाउस' हे शब्द तिथे कायद्याने राखीव आहेत, फॉल्चा आयर्लंड या पर्यटन संस्थेकडे नोंदणी केल्याशिवाय लावता येत नाहीत. 'बी अँड बी' या शब्दाला असं कुंपण नाही. तेव्हा तारे मोजण्यापेक्षा फोन करावा. आवाजावरून निम्मं कळतं. जुन्या पद्धतीच्या घरांत भाडं खोलीचं नसून माणशी सांगतात. 50 म्हणाले तर दोघांचे 100 युरो, आणि एकटा माणूस असेल तर थोडे वरती. किती वाजता पोचणार तेही सांगा, तिथे चोवीस तास उघडं काउंटर नसतं, बाई शेतावरही गेलेली असू शकते.

पण बी अँड बी म्हटलं म्हणजे झालं असं नाही. इथेच तो रिकामा रकाना येतो. नकाशावर 'गावापासून दीड किलोमीटर' दिसतं आणि आपण खूश होतो, तेवढं तर रोज जेवणानंतर चालतो की! आयरिश बोरीन म्हणजे एका गाडीपुरता रस्ता, दोन्हीकडे दगडी गडगा किंवा झुडपं, फूटपाथ नाही, दिवे नाहीत. अशा स्थानिक रस्त्यांवर फेब्रुवारी 2025 पर्यंत ताशी 80 ची मर्यादा होती, ती आता 60 केली आहे. काळ्या जाकिटातल्या तुमच्या बाबांना वळणावर चुकवायला 60 सुद्धा फार आहेत. गाडीने जावं म्हटलं तर पबमध्ये जाऊन काय लिंबूपाणी पिणार? दारू पिऊन गाडी चालवण्याची मर्यादा 2011 मध्ये रक्तात 100 मिलिलिटरला 80 मिलिग्रॅमवरून 50 वर आली, आणि 2018 च्या ऑक्टोबरपासून पहिल्याच खेपेला परवाना जप्त होतो. टॅक्सी? खेड्यात एखादी असते, आणि ती कुणालातरी लग्नाहून घरी सोडत असते.

गाणं-बजावणं नऊ-साडेनऊला सुरू होतं. कोपऱ्यातल्या टेबलाभोवती फिडल, बासरी, बाउरान घेऊन चार माणसं बसतात, कुणी माइक लावत नाही, कुणी तिकीट काढत नाही. हे ऐकायचं तर घर गावातल्या शेवटच्या रस्त्यावरच्या दिव्याच्या आत हवं. हाच माझा निकष. डिंगल त्या बाबतीत उत्तम, गाव आटोपशीर आहे. (2005 पासून काही वर्षं सरकारी पाट्यांवर त्याचं आयरिश नाव 'अन डॅन्यिन' एवढंच होतं आणि डिंगल शोधणारे पर्यटक गोंधळायचे, गावकऱ्यांनी 2006 मध्ये मतदानच घेतलं.) डूलिन संगीतासाठी प्रसिद्ध, पण ते एक गाव नसून विखुरलेल्या वस्त्या आहेत. फिशरस्ट्रीट एकीकडे, रोडफर्ड दुसरीकडे. 'डूलिनमध्ये' म्हणजे नेमकं कुठे ते विचाराच. त्यासाठी एअरकोड मागा. 2015 साली सुरू झालेला हा सात अक्षरी कोड आपल्या पिनसारखा अख्ख्या भागाचा नसतो, प्रत्येक पत्त्याचा वेगळा. युनिक की! नकाशात टाका, रस्त्यावरची चित्रं बघा, दिव्याचे खांब मोजा. आपल्याला जमण्यासारखं काम आहे.

गाडी नसेल तर हट्ट सोडा आणि रेल्वे जाते तिथेच राहा. गॉलवे, वेस्टपोर्ट, किलार्नी. आणि जायंट्स कॉजवे बघायला उत्तरेत मुक्काम करणार असाल तर ते युनायटेड किंग्डम, पौंड लागतात. हद्दीवर कुणी अडवत नाही म्हणून व्हिसा लागत नाही असं समजू नका. आयर्लंडचा साधा व्हिसा तिथे चालत नाही. बुकिंग करण्याआधी हे तपासा.

माझे आई-बाबा आले तेव्हा आम्ही क्लेअरमध्ये अशाच एका घरी तीन रात्री राहिलो. आई शाकाहारी, अंडंही नाही. आयरिश न्याहारीत रॅशर, सॉसेज, डुकराच्या रक्ताचं काळं पुडिंग. पांढऱ्यात रक्त नसतं, पण डुक्कर असतंच. फोनवर सांगितलं होतं, तर बाईंनी पॉरिज आणि सोडा ब्रेड करून ठेवला. तो ताकात भिजवतात हे कळल्यावर आईने स्वयंपाकघरात जाऊन ते ताक चाखून पाहिलं. बाबा बँकेतून निवृत्त झालेले, मूळचे साताऱ्याकडचे शेतकरी. त्यांचं आणि बाईंच्या नवऱ्याचं गवताच्या भावावर तासभर काय बोलणं झालं देव जाणे, दोघांचं इंग्रजी एकमेकांना निम्मं कळत होतं. कड्यांवर त्या दिवशी धुकं होतं, काही दिसलं नाही. बाबांनी पुण्याला परतल्यावर त्याचं नावही काढलं नाही.

ही घरं आता कमी होत चालली आहेत. चालवणाऱ्या बायका सत्तरीला आल्या, मुलं डब्लिनला किंवा सिडनीला. बुकिंगच्या संकेतस्थळांचं कमिशन चार खोल्यांवर परवडत नाही, आणि सॉर्ट केलं की ती तिसऱ्या पानावर जातात, जिथे आपण जात नाही. म्हणून म्हणतो, शहरात वाचवलेले पैसे इथे खर्च करा आणि थेट फोन करून करा. गेल्या वर्षी मी क्लेअरच्या त्या बाईंना एका मित्रासाठी फोन केला. गुडघ्याचं ऑपरेशन झालंय, आता पाहुणे घेत नाही म्हणाल्या. मग आतून वही आणून शेजारच्या गावातल्या एका घराचा नंबर दिला, आणि मी काही विचारायच्या आत सांगितलं की तिथून पबपर्यंत सबंध फूटपाथ आहे.