सातबारा नाही म्हणून माणूसच नाही?

चागोस करार झाला आणि भारत सरकारने स्वागत केलं. ब्रिटन झुकलं, बेटं मॉरिशसला द्यायचं ठरलं! मॉरिशसमध्ये मराठी घरं आहेत, म्हणून आपल्याला कौतुक जरा जास्तच. पण मित्रांनो, बेटावरच्या माणसाला काय मिळालं?

1965 मध्ये, मॉरिशस स्वतंत्र होण्याआधीच, ब्रिटनने चागोस तोडून घेतलं. दिएगो गार्सियावर अमेरिकेचा लष्करी तळ हवा होता. 1973 पर्यंत सगळे रहिवासी हाकलले, त्यांची कुत्रीसुद्धा मारली. ही माणसं बहुतेक गुलाम करून आणलेल्या आफ्रिकनांची वंशज, नारळाच्या मळ्यांत राबणारी. ब्रिटिशांचा युक्तिवाद काय? हे कंत्राटी मजूर, कायमचे रहिवासी नव्हेतच!

आमच्या लोणावळ्याला हे नवं नाही. वळवण, शिरोता ही इंग्रजी अमलातली धरणं. 1894 चा भूसंपादन कायदा मोबदला द्यायचा तो जमिनीत हक्क असलेल्याला. दुसऱ्याच्या भातखाचरात राबणाऱ्या भूमिहीन महार, मातंग, कातकऱ्याचा हक्क कुठल्या कागदावर असणार?

22 मे 2025 चा करार दोन सरकारांचा. दिएगो गार्सिया 99 वर्षं ब्रिटनच्याच ताब्यात. पुनर्वसन फक्त बाकीच्या बेटांवर, तेही मॉरिशसच्या मर्जीने. 1930 च्या गोलमेज परिषदेत बाबासाहेब आणि रेट्टमलाई श्रीनिवासन बसले होते, म्हणून सत्ता कुणाच्या हातात जाणार हे लंडनमध्ये विचारता आलं. चागोसवासीयांना वाटाघाटीत खुर्चीच नव्हती. आणि म्हणे वसाहतवाद संपला!

झेंडा कुणाचा यावर भांडू नका. परतीचा हक्क मागा, दिएगो गार्सियासकट.

जय भीम!