पीकविमा: मंडळाची सरासरी आणि तुमचे शेत

2023 च्या खरिपात सुरू झालेला एक रुपयाचा पीकविमा 2025 पासून बंद झाला. आता खरिपात विमा संरक्षित रकमेच्या 2 टक्के, रब्बीत दीड टक्का आणि नगदी पिकांना 5 टक्क्यांपर्यंत हप्ता तुम्हाला भरावा लागतो. चर्चा झाली ती याच पैशाची. माझ्या मते दुसरा बदल जास्त मोठा आहे. स्थानिक आपत्ती आणि काढणीपश्चात नुकसान हे वैयक्तिक पंचनाम्याचे निकष वगळले गेले आणि भरपाई पीक कापणी प्रयोगातून निघणाऱ्या महसूल मंडळाच्या सरासरी उत्पादनावर आली.

आधी उंबरठा उत्पादन समजून घ्या. मागील सात वर्षांपैकी चांगल्या पाच वर्षांची सरासरी काढतात, तिला जोखीमस्तराने, म्हणजे 70 टक्क्यांनी गुणतात. समजा, एका मंडळात सोयाबीनचे हेक्टरी उत्पादन 18, 16, 7, 17, 15, 9 आणि 14 क्विंटल आले. 7 आणि 9 वगळले की उरलेल्या पाचांची सरासरी 16, आणि उंबरठा 11.2 क्विंटल. शेजारच्या मंडळात सातही वर्षे 16 आले, तरी उंबरठा तोच! पहिल्या मंडळात दोन वर्षे पीक उंबरठ्याखाली गेले, दुसऱ्यात एकदाही नाही. आकडा एक, जोखीम वेगळी. सातवीतल्या मुलाला सरासरी काढता येते. पण आकडे तिच्यापासून किती लांब पसरलेत, हे पाहायची सवय आपल्यालाही नसते.

आता एकाच हंगामात या. पाच शेतांत 20, 18, 16, 4 आणि 2 क्विंटल निघाले. सरासरी 12. उंबरठ्याच्या वर, म्हणून भरपाई कोणालाच नाही. 2 क्विंटलवाल्यालाही नाही. उलट सरासरी 10 वर आली, तर (11.2 − 10) ÷ 11.2, म्हणजे सुमारे 10.7 टक्के भरपाई सर्वांना, 20 क्विंटलवाल्यालाही.

चाकण परिसरात हे जास्त टोचते. खेड तालुक्यात पश्चिमेला भातखाचरे आणि भरपूर पाऊस, पूर्वेकडे येऊ तसा पाऊस कमी होतो. त्यात कारखान्यांच्या शेडसाठी भराव पडले, ओढे अरुंद झाले. वरच्या शेतात पीक उभे आणि भरावालगतच्या शेतात चार दिवस पाणी, असे मी एकाच शिवारात पाहिले आहे. दुष्काळ मंडळभर पसरतो, तेव्हा सरासरी त्याला पकडते. साचलेले पाणी दोन-चार गटांपुरते असते. ते सरासरीत बुडून जाते.

म्हणून विमा भरण्याआधी सहायक कृषी अधिकाऱ्याकडून तुमच्या मंडळाचे उंबरठा उत्पादन विचारा. घरच्या वहीत गटनिहाय उत्पादन लिहा, निदान पाच वर्षांचे. तुमचे वाईट वर्ष आणि मंडळाचे वाईट वर्ष एकच येत असेल, तर हा विमा तुमच्या कामाचा आहे. तुमचेच शेत वेगळे बुडत असेल, तर हप्त्याइतकाच विचार चर काढण्याचा आणि रुंद वरंबा-सरीवर पेरणीचा करा. गावात कापणी प्रयोग असेल त्या दिवशी हजर राहा आणि वजन तुमच्यासमोर होऊ द्या.

बाजारभावाचेही तसेच. चाकणच्या कांद्याचा फक्त सरासरी दर पाहून गाडी भरू नका. किमान आणि कमाल यांतले अंतर मोठे असेल, तर आधी प्रतवारी करा.