सीट मुलाच्या मापाची हवी



डोंगरात चालवायच्या महागड्या सायकलींना हँडलवरची कळ दाबून चालता-चालता खाली घेता येणारी सीट असते. डिंडोलीच्या सपाट रस्त्यांवर तिची गरज नाही; एक पाना पुरे, असे आमचे मत आहे.

‘पुढे वाढेल’ म्हणून आपण मोठी सायकल घेतो. मग गर्दीत थांबताना मुलाचा पाय टेकत नाही आणि ते पडते. नवशिक्याचे पाय जमिनीला टेकावेत. सराव झाल्यावर टाच खालच्या पॅडलवर ठेवली असता पाय सरळ व्हावा, एवढी सीट वर घ्यावी. मात्र सीटच्या दांडीवरील मर्यादेची खूण बाहेर दिसू देऊ नये. पावसाळ्याआधी दांडी काढून, पुसून ग्रीस लावावे. नाहीतर ती गंजून अडकते.

सरस्वती साधना योजनेत सायकल मिळालेल्या नववीच्या मुलींनीही हे तपासावे. दर शनिवारी शाळेत पाना व ग्रीस ठेवू. मूल वाढते, तशी सीटही वर जावी.