किंमत डॉक्टरांनाही दिसू द्या

अमेरिकेतल्या सात मोठ्या रुग्णालयांमधल्या ५०३ अस्थिरोगतज्ज्ञांची एक छोटी परीक्षा २०१४ साली प्रसिद्ध झाली. कृत्रिम सांधे, प्लेट, स्क्रू, म्हणजे जे ते रोज पेशंटच्या शरीरात बसवतात त्याची किंमत सांगायची होती. वीस टक्के इकडेतिकडे झालं तरी उत्तर बरोबर धरलं जाणार होतं. तरीही अनुभवी सर्जनची जेमतेम २१ टक्के उत्तरं बरोबर आली आणि शिकाऊ डॉक्टरांची १७ टक्के. गंमत म्हणजे इम्प्लांट निवडताना किमतीचा विचार व्हायला हवा, असं यांच्यातल्याच ऐंशी टक्क्यांहून अधिक जणांचं मत होतं.

औषधांचंही तेच. वेगवेगळ्या देशांतल्या २४ अभ्यासांचा २००७ मध्ये आढावा घेतला गेला, तेव्हा स्वस्त औषध डॉक्टरांना वाटतं तितकं महाग नसतं आणि महाग औषध वाटतं त्याहून बरंच महाग असतं, असं दिसलं. फटका बसतो तो या दुसऱ्या चुकीचा.

तिकडे बिल बहुधा विमा कंपनीकडे जातं. इकडे राऊंड संपला की पेशंटचा भाऊ चिठ्ठी घेऊन तळमजल्यावरच्या मेडिकलमध्ये धावतो, आणि लिहिलेलं इंजेक्शन केवढ्याचं आहे ते पहिल्यांदा त्यालाच कळतं. सरकारच्याच हिशेबाप्रमाणे २०२१-२२ मध्ये देशातल्या आरोग्यखर्चापैकी ३९.४ टक्के रक्कम लोकांनी थेट खिशातून भरली होती.

हा खर्च किती फुगवता येतो हे २०१७ मध्ये उघड झालं. औषधाने लेपलेल्या स्टेंटला लाखभर रुपये मोजण्याची लोकांना सवय झाली होती. त्या फेब्रुवारीत राष्ट्रीय औषध किंमत प्राधिकरणाने त्याची कमाल किंमत २९,६०० रुपयांवर आणली. वर्षभराने याच प्राधिकरणाने दिल्ली परिसरातल्या चार खासगी रुग्णालयांची बिलं तपासली, तेव्हा काही वस्तूंवरचा नफा १,७०० टक्क्यांच्याही वर गेलेला आढळला. जास्त एमआरपी छापलेल्या मालात रुग्णालयाचाच फायदा होता.

अशा व्यवस्थेत डॉक्टरांचं अज्ञान सोयीचं ठरतं. ‘बिलाचं काउंटरवर विचारा’ हे वाक्य तिथूनच येतं. सगळेच डॉक्टर अनभिज्ञ असतात असं मात्र नाही. डॉ. अरुण गद्रे आणि डॉ. अभय शुक्ला यांनी देशभरातल्या डॉक्टरांना बोलतं केलं, तेव्हा कमिशन आणि टार्गेटबद्दल त्यांच्यातलेच कितीतरी जण मोकळेपणाने बोलले. सरकारी रुग्णालयातल्या रेसिडेंटला तर किमती बऱ्यापैकी ठाऊक असतात. बाहेरून औषध आणायची चिठ्ठी दिली, की समोरच्या बाईचा चेहरा उतरलेला त्याला दिसतो. मग तो दुसरा पर्याय शोधतो किंवा तिला समाजसेवा अधीक्षकांकडे पाठवतो. कॉर्पोरेट रुग्णालयातल्या तज्ज्ञाच्या आणि त्या चेहऱ्याच्या मध्ये दोन-तीन टेबलं असतात.

जीव वाचवताना पैशाचा विचार डॉक्टरांनी का करावा, हा प्रश्न हार्ट अटॅकच्या रात्री रास्तच आहे. पण पेशंट चार दिवसांपासून स्थिर असताना त्याच रक्ततपासण्या रोज करायच्या का, हे ठरवताना कोणाचाही जीव टांगणीला लागलेला नसतो.

मग नुसती किंमत पडद्यावर दाखवून भागेल? जॉन्स हॉपकिन्स रुग्णालयात तपासण्यांचे दर ऑर्डर देतानाच दिसू लागले, तेव्हा त्या तपासण्या सुमारे नऊ टक्क्यांनी घटल्या. पेनसिल्व्हेनियातल्या २०१७ च्या मोठ्या प्रयोगात मात्र काहीच फरक पडला नाही. सॅन फ्रान्सिस्कोच्या विद्यापीठ रुग्णालयात दर महिन्याला प्रत्येक सर्जनला त्याच्या शस्त्रक्रियांच्या सामानाचा खर्च सहकाऱ्यांच्या तुलनेत कळवला जाई, आणि खर्च घटवणाऱ्या विभागाला बक्षीसही होतं. तिथे खर्च साडेसहा टक्क्यांनी उतरला. ज्या विभागांना हा हिशेब दिला नव्हता, तिथे तो सात टक्क्यांनी वाढला.

महाराष्ट्राने २०२१ मध्ये नर्सिंग होमच्या नियमांत दुरुस्ती करून दरपत्रक लावणं बंधनकारक केलं. ते वाचायचं कोणी, तर आधीच घाबरलेल्या नातेवाइकांनी. प्रत्येक डॉक्टरने लिहिलेल्या औषधांचा आणि तपासण्यांचा एकूण खर्च महिन्याच्या शेवटी त्याच्या हातात द्यायला आजही कसलीच अडचण नाही, कारण बिल बनवणाऱ्या संगणकात तो आकडा असतोच. अडचण असलीच तर ती व्यवस्थापनाची आहे: खर्च कमी झाला तर उत्पन्नही कमी होणार. म्हणूनच हा मासिक हिशेब रुग्णालयांच्या मर्जीवर न सोडता, नर्सिंग होमच्या नोंदणीचं नूतनीकरण करताना शासनानेच मागायला हवा.