दोन 'प्रिन्सिपल', अर्थ वेगळे



कॉटन ग्रीनच्या काही पालकांनी विचारले आहे की, मुले कॉलेजच्या अर्जावर 'प्रिन्सिपल' हा शब्द लिहितात, त्याचे स्पेलिंग कधी एक तर कधी दुसरेच असते. मग खरे कोणते? दोन्ही खरी आहेत. उच्चार एकच, पण शब्द दोन आणि अर्थही दोन.

ज्याच्या शेवटी पी-ए-एल येते, तो 'मुख्य' या अर्थाचा शब्द. कॉलेजचे प्राचार्य ते हेच. अर्ज त्यांच्याच नावे करायचा. ज्याच्या शेवटी पी-एल-ई येते, त्याचा अर्थ तत्त्व. भारतीय संविधानाच्या चौथ्या भागात राज्याच्या धोरणाची मार्गदर्शक तत्त्वे आहेत, तिथे इंग्रजीत हाच शब्द आहे. सोपी खूण सांगतो. नियमाला इंग्रजीत 'रूल' म्हणतात, त्याच्याही शेवटी एल-ई आहे. नियम आणि तत्त्व एका घरचे!

पहिल्या शब्दाचा आणखी एक अर्थ आमच्या माता-भगिनींनी जरूर जाणून घ्यावा. कर्जाच्या कागदावर पी-ए-एलचा प्रिन्सिपल म्हणजे मुद्दल आणि 'इंटरेस्ट' म्हणजे व्याज. समजा, 10,000 रुपये दरसाल 12 टक्के व्याजाने घेतले. पहिल्या महिन्याचे व्याज 100 रुपये होते. हप्ता 500 रुपयांचा भरला तर 400 रुपये मुद्दलात जमा होतात. पण दरमहा नुसते 100 भरत राहिलो तर वर्षात 1,200 रुपये जातील आणि मुद्दल 10,000 ते 10,000च राहील! म्हणून पैसे भरताना विचारावे, 'मुद्दलात किती जमा झाले?' आपल्या कष्टाच्या पैशाचा हिशेब मागण्यात लाज कसली?

परमपूज्य बाबासाहेबांच्या चरित्रात हे दोन्ही शब्द एकाच वर्षी भेटतात. जून 1935 मध्ये ते मुंबईच्या सरकारी लॉ कॉलेजचे प्रिन्सिपल झाले. त्याच वर्षी 13 ऑक्टोबरला येवल्यात त्यांनी धर्मांतराची घोषणा केली. मोठे पद मिळाले म्हणून तत्त्व बाजूला ठेवले नाही. पद त्यांनी 1938 मध्ये सोडले; येवल्याचा शब्द मात्र 14 ऑक्टोबर 1956 रोजी नागपुरात दीक्षा घेऊन पूर्ण केला.

मुलांनो, दोन्ही शब्द वहीत पाच-पाच वेळा लिहा. आणि घरात कर्जाचा कागद असेल, तर त्यावरचा प्रिन्सिपलचा आकडा आज आईला वाचून दाखवा.